क्लास माझा, पोरी वैनीच्या

वैनी, काल तुझं तेरावं झालं. घरासमोर मांडव टाकला होता, दादानं सांगितलेल्या खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून शेजारच्यांच्या मागून आणाव्या लागल्या. माझ्या बॅले क्लासच्या सगळ्या पोरी आल्या होत्या, एक चुकली नाही. भिंतीला टेकून रांगेत बसल्या आणि तुझ्या फोटोकडं बघून नाकं पुसायल्या होत्या. मी त्यांच्या समोरच बसले होते. तिथं बसून माझ्या मनात काय आलं सांगू? मी गेले तर यातल्या किती येतील? निम्म्या येतील. त्यातल्या दोघीतिघी रडतील, त्याही आईनं कोपरानं ढोसलं म्हणून.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तुझ्याबद्दल चांगलं बोलायला माझी गरजच काय? ते काम अख्खी गल्ली करायलीय. मी जे लिहायलेय ते दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. मी तुझ्यावर जळायचे, वैनी. तू आमच्या घरात आलीस त्या दिवसापासून तू गेलीस त्या दिवसापर्यंत, आणि काल सुद्धा. आणि रेवतीच्या पायाची जी गोष्ट फक्त तुला आणि मला माहीत होती, ती तू गेल्यावर माझ्या एकटीच्या गळ्यात येऊन पडली. ती सांगायची का गिळून टाकायची, हे तेरा दिवस मला कळत नव्हतं. गिळणं सोपं होतं. तू तर बोलणारच नव्हतीस.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मला पुण्याहून परत येऊन वर्ष झालं होतं. सहा वर्षं बॅले शिकून आले होते. परभणीत लोकांना बॅले म्हणजे काय ते सांगता सांगता माझी जीभ झिजली. कडक टोकाचे बूट घालून पायाच्या बोटांच्या शेंड्यावर उभं राहतात, असं सांगितलं की बायका म्हणायच्या, अगं बाई, कशाला? एकजण म्हणाली, हे गॅदरिंगला चालतं का? आईला सुद्धा मी काय शिकून आले ते धड सांगता येत नव्हतं. आणि तू? लग्नाला दहा दिवस झाले नाहीत तोच गॅसची गाडी आली. गाडीवाला म्हणाला, जिना चढून वर देणार नाही. तू पदर खोचलास, भरलेलं सिलिंडर उचलून खांद्यावर घेतलंस आणि वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलंस. दम सुद्धा लागला नाही तुला. आईनं आधी कपाळावर हात मारला, नवी नवरी म्हणून. संध्याकाळी स्वतःच शेजारणीला सांगत होती, आमची सून कॉलेजात असताना वजनं उचलायला विद्यापीठाकडून जायची. महिनाभर गल्लीत तेच चाललं. माझ्या सहा वर्षांच्या बॅलेला या गल्लीनं एक दिवस दिला नव्हता.

तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तरी मी तुला तू म्हणायचे आणि तू मला तुमी. नणंद ना मी. नणंदेचा शब्द चारचौघांत खाली पडू द्यायचा नाही, हे तुला जिंतूरच्या माहेराहून निघतानाच पदरात बांधून दिलेलं. एकटी सापडले की तू माझ्याशी तासभर हुज्जत घालायचीस. पण तिसरं माणूस आलं रे आलं की तुझं तोंड बंद. मला हे लय सोयीचं होतं.

क्लासमध्ये तू पहिल्यांदा आलीस ती माझा डबा घेऊन. दुकानांच्या वरचा तो हॉल, भिंतीला ठोकलेला नळाचा पाइप, तो धरून उभ्या असलेल्या बारा पोरी. तू चप्पल काढून दाराशीच उभी राहिलीस. तास संपला, पोरी गेल्या, तेव्हा बोललीस.

"ताई, एक बोलू का? पोरी गोड दिसायल्यात. पण पोटात जोर न्हाई, मांडीत जोर न्हाई. उडी मारून खाली येतात तर पोतं टाकल्यावानी आवाज यायलाय."

"ही कुस्ती नाहीये वैनी. बॅलेत पोरगी पिसासारखी दिसली पाहिजे."

"दिसू द्या की. पण खाली उतरताना अख्खं वजन एका पायावर येतंय का न्हाई? ते कोण झेलणार, पीस?"

मी डब्याचं झाकण इतक्या जोरात लावलं की आमटी सांडली. तू फडका घेऊन पुसून काढलीस. त्या दिवशी जे भांडण सुरू झालं ते आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, शरीर ताणून ताणून मोकळं करायचं, रेषा सुंदर दिसली पाहिजे. तू म्हणायचीस, मोकळं झालेलं सावरायला जोर लागतो, न्हाईतर सांधे लुळे पडतेत. मी म्हणायचे, व्यायामानं पोरी गड्यासारख्या दिसतील. तू म्हणायचीस, माझ्याकडं बघा, मी दिसायलेय का गड्यावानी? दिसत नव्हतीस. तेही मला खुपायचं.

शेवटी मीच म्हणाले, रविवारी एक तास घे, बघू काय होतं. मला वाटलं, पोरी कंटाळून पळतील. तू जिंतूरच्या शाळेत तासिकेवर पीटी शिकवायचीस, सहा दिवस एसटीचे धक्के खायचीस, आणि रविवारी सकाळी सातला हॉल झाडून तयार. सायकलची जुनी ट्यूब पायाला बांधून ओढायची. वाळूच्या पिशव्या छातीशी धरून बैठका मारायच्या. जमिनीवर पडलेलं फडकं पायाच्या बोटांनी गोळा करायचं. आणि जिन्याच्या पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहून टाच वर, टाच खाली. आयांनी तक्रार केली, आम्ही पोरी नाचायला पाठवल्यात, हमाली करायला नाही. तू त्या आयांनाच पायरीवर उभं केलंस. आठ-आठ टाचांत त्यांच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या आणि तक्रार बंद झाली.

तीन महिन्यांनी एका रविवारी मी आरशाजवळ केस बांधत होते. मागं सगळ्या पोरींनी एकदम उडी मारली आणि मला त्या खाली आलेल्या ऐकूच आल्या नाहीत. वळून बघितलं तर सगळ्या उतरून नीट उभ्या. सहा वर्षांत माझ्या स्वतःच्या उडीचा आवाज इतका बारीक झाला नव्हता. मी काय म्हणाले, आठवतं? म्हणाले, ही नवीन चटई चांगली निघाली.

"व्हय ताई, चटई चांगली हाय," तू म्हणालीस आणि वाळूच्या पिशव्या उचलून कोपऱ्यात ठेवायला लागलीस.

मग तू नियम काढलास. एका पायावर, गुडघा न वाकवता, न डगमगता, पंचवीस टाचा. दोन्ही पायांवर. त्याशिवाय टोकाचे बूट घालायचे नाहीत. बूट आणून कपाटात ठेवलेल्या पोरींनी तोंडं पाडली, पण मोजायला लागल्या. एका सकाळी हॉलमध्ये कुणी नसताना मी स्वतः पायरीवर उभी राहिले. उजवा पाय कसाबसा झाला. डावा सतराला सुटला. वर बघितलं तर दारात तू. तू मागं फिरलीस आणि पाच मिनिटांनी चपला वाजवत परत आलीस, जशी आत्ताच आलीस. आणि हे कधीच कुणाला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मला भांडता तरी आलं असतं.

पोरी मला मॅडम म्हणायच्या. तुला सगळ्या वैनी म्हणायला लागल्या. वैनी माझी होती ना? दादाची बायको, माझी वैनी. त्या पोरींची कुठून झाली? माझ्याशी बोलताना त्या पाठ ताठ करायच्या. तुझ्या मात्र गळ्यात पडायच्या, घाम तुझ्या साडीला पुसायच्या, पाळीचं दुखणं तुला सांगायच्या, घरचं रडणं तुझ्याजवळ रडायच्या.

त्यात रेवती. पालमच्या खताच्या दुकानदाराची पोरगी, शनिवार-रविवार एसटीनं यायची. हात असे की मी पुण्यात सुद्धा तसे बघितले नव्हते. तिला मी घडवायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, ही माझी. बाकीच्या सगळ्या घे तू, ही एक माझी. आणि ही पोरगी एका रविवारी पिशवी पाठीवर तशीच ठेवून हॉलमध्ये धावत आली, माझ्या पुढून गेली, आणि तुला मिठी मारून म्हणाली, "वैनी, पंचवीस झाल्या! घरच्या जिन्यावर, डाव्या सुद्धा!" तू तिला उचलून गरकन फिरवलंस. मी पाइप पुसत होते. मला तिनं नमस्कार केला तो पाच मिनिटांनी.

तेही मी पचवलं असतं. पण मग मुंबईच्या संस्थेचा फॉर्म आला. तिथं राहून शिकायचं, वर्षातून एकदा निवड, चाचणी कडक. रेवती उन्हाळ्याच्या सुटीत परभणीला मावशीकडं राहून रोज क्लासला यायला लागली. फॉर्मवर एक रकाना होता, कुणाकडे शिकलात. तिनं दोन नावं लिहिली. पहिलं तुझं, खाली माझं. मी फॉर्म फाडला, शाई पसरलीय म्हणून सांगितलं आणि नवा फॉर्म भरून घेतला. त्यात एकच नाव लिहायला लावलं, माझं.

हे तुला माहीत नव्हतं, वैनी. पुढचं माहीत आहे. त्याच दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात आले, तू भाकरी थापत होतीस.

"रेवतीच्या मांड्या जाड दिसायल्यात," मी म्हणाले. "चाचणीला दोन महिने राहिलेत. तिचा पायाचा सगळा व्यायाम बंद कर."

तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "जाड कुठं? भरल्यात जरा. ताई, आत्ताच तर जास्त पायजे. तुमी रोजचा तास दुप्पट करायलाव, टोकावरचं काम वाढवायलाव, अन् मी त्याच टायमाला जोर काढून घेऊ? हाडानं किती सोसावं?"

"परीक्षक मांड्या बघतात."

"अन् हाड मोडल्यावर काय बघतेत?"

"क्लास माझा आहे वैनी."

तू माझ्याकडं बघितलंस. पिठाचे हात तसेच धरून. तुला कळलं होतं, मांड्यांचं नाही म्हणून. तरी म्हणालीस, "बरं ताई," आणि पुढची भाकरी घेतलीस. दुसऱ्या दिवशी रेवतीला तू सांगितलंस, आता चाचणीपर्यंत तुला माझ्याकडनं सुटी, आराम कर. माझं नाव घेतलं नाहीस. पोरगी हिरमुसली. माझ्या मनाला बरं वाटलं, हे मी आज लिहायलेय.

पाचव्या आठवड्यात रेवती टोकावरून खाली आली, पाइप धरून उभी राहिली आणि म्हणाली, मॅडम, नळीत दुखायलंय. मी म्हणाले, चाचणी जवळ आली की दुखतंच. तीन दिवस तिनं सोसलं. चौथ्या दिवशी जिना उतरताना बसली ती उठेना. नांदेडला नेलं. नळीच्या हाडाला बारीक चीर. डॉक्टरांनी विचारलं, नाच वाढवला होता का? हो. मग पाय मजबूत करायचा व्यायाम चालू होता का? होता, पण बंद केला. बंद? डॉक्टर म्हणाले, याच वेळी कुणी बंद करतं का?

चाचणी गेली. तिचे पप्पा आपल्या घरी आले, दादा समोर, आई आत. माणूस तसा सभ्य, पण आवाज चढलेला. "माझ्या पोरीचा व्यायाम कुणी बंद केला, एवढं फक्त सांगा."

मी बोलायला तोंड उघडलं होतं, वैनी. हे मी तेरा दिवस स्वतःला सांगायलेय, की मी तोंड उघडलं होतं. पण तू माझ्या आधी बोललीस.

"म्या बंद केला. मला वाटलं, आराम पायजे. माझी चूक झाली."

दादा तुला त्यांच्यासमोर बोल बोल बोलला. तुला काय अक्कल आहे, नाचातलं तुला काय कळतं, ताईनं एवढ्या मेहनतीनं उभं केलेलं तू मातीत घातलंस. तू खाली मान घालून ऐकलंस. मी काय केलं? मी चहा आणला. साखर किती घालू, असं सुद्धा विचारलं मी रेवतीच्या पप्पांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू शाळेला निघालीस तेव्हा मी तुला गेटाशी गाठलं. कामून बोललीस तसं?

"तुमी नणंद हाव. नवरा समोर, परका माणूस समोर, तिथं मी म्हणू, ताईनं सांगितलं म्हणून? अन् क्लास मोडला तर तुमी काय करताव? मला शाळा हाय, तुमाला दुसरं काय हाय?"

"पण खोटं बोललीस."

"खोटं कसं? पोरीला बंद कर म्हणून माझ्याच तोंडानं सांगितलं. मला कळत होतं, तरी ऐकलं तुमचं. ती माझी चूकच हाय की." मग पिशवी सावरत म्हणालीस, "माझी बस जाईल ताई."

मला दुसरं काय हाय. हे वाक्य तू दयेनं बोललीस, आणि मला त्याचाच राग आला. आठ दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. ज्या बाईनं माझी चूक डोक्यावर घेतली तिच्यावर मी रुसून बसले होते. तू रोज डबा भरून दिलास.

रेवतीच्या पप्पांनी निरोप पाठवला, पोरगी बरी झाली की क्लासला येईल, पण त्या बाईनं तिला हात लावायचा नाही. मी मान हलवली. खरं सांगते, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात गुणगुणत होते. रेवती आता नुसती माझी होती.

आणि महिन्याभरात मला कळलं की माझी होऊन काही उपयोग नाही. हाड जुळलं, पण पायात जीव नव्हता. मला ताण देता येतो, रेषा दाखवता येते, संगीताला हात कसा उचलायचा ते सांगता येतं. गेलेला जोर परत कसा आणायचा, ते मला येत नव्हतं. मी तुला विचारलं नाही. तूच एक दिवस माझ्या पिशवीत वही ठेवलीस. पहिल्या आठवड्यात बसून टाचा, दोन्ही पायांवर, भिंत धरून. तिसऱ्यात एका पायावर, पण सहाच. दुखलं तर दोन दिवस मागं यायचं. उडी मारायची नाही, किती हट्ट केला तरी. मांडीच्या मागच्या बाजूला जोर पायजे, ते पोरी विसरतेत. तुझ्या त्या गोल, शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात, बारीक बारीक चित्रं काढून. शेवटी एक ओळ: माझं नाव काढू नका, तिचे पप्पा पाठवणार न्हाईत.

मी ती वही घरी पाठ करायचे आणि क्लासमध्ये सांगायचे. रेवतीनं एकदा विचारलं, मॅडम, तुम्हाला हे सगळं कुठून माहीत? मी म्हणाले, पुण्यात शिकवतात. दर आठवड्याला तू भांडी घासता घासता विचारायचीस, आज किती झाल्या, पाय थरथरला का, गुडघा आत गेला का. मी सांगायचे. तू पुढचा आठवडा लिहायचीस. रेवती असली की तू हॉलकडं फिरकायची नाहीस; पोरीला बघितल्याशिवाय तू तिचा पाय उभा केलास. मी समोर उभी राहून बघत होते आणि मला दिसत नव्हतं.

पुढच्या वर्षी तिची निवड झाली. पालमला सत्कार झाला, माझ्या गळ्यात हार, पेपरात फोटो. रेवतीनं भाषणात माझं नाव सात वेळा घेतलं. तू मागच्या रांगेत आई शेजारी बसली होतीस. मी स्टेजवरून तुझाच चेहरा शोधत होते. मला बघायचं होतं, तू कशी जळतेस ते. एकदा, एकदा तरी मला बघायचं होतं. तू टाळ्या वाजवायलीस, दोन्ही हात वर करून, तोंडभर हसायलीस, शेजारच्या बाईला सांगायलीस, ती आमची ताई. जरा तरी जळायचंस, वैनी. मी एकटीनं किती जळावं?

मग तो ताप. तुझ्यासारख्या बाईला आठ दिवसांत तापानं न्यावं, हे अजून मला पटायलं नाही. दवाखान्यात मी दुपारची तुझ्याजवळ बसायचे. एकदा तू डोळे उघडलेस आणि मला वाटलं, आता म्हणावं. म्हणावं की दादाला सगळं सांगते, की माझं चुकलं. तू म्हणालीस, "रेवतीचा फोन आल्ता का? पाय कसा हाय तिचा?" आणि माझं तोंड मिटलं. सलाइन लावून पडलीस तरी तुला रेवती. मी दोन तास उशाशी बसलेली, मला नाही विचारलंस कशी हाव म्हणून. म्हणाले, बरा आहे पाय, झोप. तेच आपलं शेवटचं बोलणं.

आता काल. रेवती मुंबईहून आली होती, पप्पांबरोबर. जेवणं झाली, बाहेरची माणसं पांगली. दादा, आई, मी, ते दोघं आणि मागं राहिलेल्या चार-दोन पोरी. तुझ्या फोटोपुढं सतरंजीवर बसलो होतो. रेवतीच्या पप्पांनी घसा खाकरला.

"बाई चांगली होती. एक चूक झाली तिच्या हातून, माणूस म्हणल्यावर होते. आमी कवाच माफ केलं. मनात ठिवलं न्हाई काही."

दादानं हात जोडले. "झाली खरी चूक. मोठं मन तुमचं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे तेरा दिवस तो तुझ्यासाठी रडत होता आणि त्या रडण्यात हे पण होतं, की बायकोनं एका पोरीचा पाय घालवला होता.

लोकांना वाटेल, माझा चांगुलपणा जागा झाला. तुला मी खोटं सांगणार नाही. दादा आणि रेवतीचे पप्पा तुझ्या फोटोकडं इतक्या मायेनं बघायले होते, आणि मला वाटलं, हे सुद्धा हिलाच? चूक मी केली. दोन वर्षं पोटात दगड घेऊन मी फिरले. आणि माफी मिळाली हिला, मेल्यावर, फुकट. ती माफी माझी होती. मला ती हवी होती, वैनी, माझ्या नावानं हवी होती. तुला मिळालेली बघवली नाही, म्हणून मी बोलले.

"तिनं बंद केला नव्हता. मी बंद करायला लावला. मांड्यांचं नुसतं निमित्त होतं. रेवतीनं फॉर्मवर तिचं नाव माझ्या वर लिहिलं, म्हणून."

सगळं सांगितलं. फाडलेला फॉर्म, भाकऱ्या, चहा. आई म्हणाली, काय बोलायलीस गं तू हे. दादा उठला, माझ्याकडं न बघता बाहेर गेला आणि मांडवाच्या बांबूला धरून उभा राहिला. त्याची पाठ हलायली होती. आजही तो माझ्याशी बोललेला नाही.

रेवतीनं एवढंच विचारलं, "मग नंतरचे ते व्यायाम?"

"तिचेच. वही आहे तिची. देते तुला."

ती उठली. आमच्या नाचात तास संपला की गुरूसमोर जाऊन एक नमस्कार करायचा असतो. एक पाय हळूच मागं न्यायचा, हात दोन्ही बाजूंनी उघडत खाली आणायचे, पाठ सरळ ठेवून खोल वाकायचं आणि वर येताना गुरूच्या डोळ्यांत बघायचं. फक्त गुरूला, दुसऱ्या कुणाला नाही. हे मीच शिकवलंय तिला. रेवती तुझ्या फोटोपुढं गेली, सतरंजीच्या पुढं फरशीवर अनवाणी उभी राहिली, आणि तिनं तो नमस्कार केला. घाई नाही, काही नाही. इतका सुंदर मी कुणाचा बघितला नाही. मागच्या चार पोरी उठल्या आणि त्यांनी पण केला.

मग रेवती वळली. मी उभी राहिले होते, वैनी. कशाला उभी राहिले, तू ओळखलंस. ती माझ्यासमोरून दारापर्यंत गेली, चपला घातल्या आणि पप्पांना म्हणाली, चला.

मला लाज वाटायला पाहिजे होती. वाटली, पण नंतर. आधी मी जळले.